तेल बदललंय, पण कुणाचं?

मी जुना आहे, मान्य. पण निकामी नाही! मी मोटारसायकलचा पुढचा डावा शॉकअप. उजवा माझा जुळा भाऊ, आणि आमच्या दोघांच्या मधे चाक. मित्रांनो, खड्डा आला की आम्ही खाली बसतो, म्हणून तुमची कंबर शाबूत राहते.

आमच्या पोटातही तेल असतं. कारखान्यात भरलं तेव्हा मी असा झुलायचो की शोरूममध्ये जो तो दाबून बघायचा. "काय मऊ आहे!" म्हणायचा. मग वर्षं गेली. घरातला दादा मेकॅनिककडे जाऊन दर वेळी सांगायचा, "तेल बदला." आणि मिळायचं कुणाला? इंजिनला! ते कोकलतं ना, म्हणून लाडकं. आम्ही गप्प, तर आमच्यावर नुसता फडक्याचा एक हात.

माझं तेल आतल्या आत सडलं. तेल अडवणारं रबरी सील फाटलं. थेंब ओघळून ब्रेकच्या चकतीवर पडायला लागले. आणि दादाची धाकटी बहीण, आमची ताई, रोज ह्याच गाडीवर कामाला जाते!

परवा घराच्या फाटकापाशी ताईनं ब्रेक दाबला. मी धाडकन खाली बसलो, चाक सरकतच गेलं. भिंत हातभर राहिली.

दारात उभा दादा म्हणतो कसा, "तुला ब्रेक मारताच येत नाही!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ताई वाकली. माझ्यावरून बोट फिरवलं. बोट काळं.

"हे काय?"

"धूळ असेल."

"धूळ ओघळते होय रे?"

"अगं, मागच्याच महिन्यात तेल बदललंय!"

"कुणाचं?"

दादानं इंजिनकडे बोट केलं.

ती तडक मेकॅनिककडे गेली. त्यानं मला उघडलं, तर काळं, घाण वास मारणारं तेल भळाभळा बाहेर. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. वाटलं होतं, तर मूग गिळून का बसला होतास, बाबा?

"गळतोय तेवढा एकच भरू?"

"दोन्ही भरा," ताई म्हणाली. "आणि ब्रेकपण करा."

नवं सील, नवं तेल, ब्रेकच्या नव्या पट्ट्या. उतारावर तिनं ब्रेक दाबला, मी अलगद बसलो, अलगद उठलो. गाडी जागच्या जागी उभी.

मागच्या सीटवर बसलेला दादा म्हणतो, "बघ, जमायला लागलं तुला!"

हसू नका, मित्रांनो. आमच्यासारख्या गप्प बसणाऱ्यांची जरा विचारपूस करा. आणि चालवणारीला शिकवायच्या आधी, एकदा चाकापाशी वाकून बघत जा.