शब्द परत घेतला

शिवणकारखान्यात सगळ्याजणी तिला वकीलबाई म्हणत. शाळेचं तोंड तिनं फारसं पाहिलं नव्हतं, पण मालकासमोर उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. पंख्यांपासून प्यायच्या पाण्यापर्यंत जे काही मिळालं, ते तिनंच भांडून मिळवलेलं. बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहायच्या. त्यांतच तिची सून, कॉलर शिवायची. घरी मोजकं बोलायची, कारखान्यात तेवढंही नाही.

एका सकाळी इस्त्रीच्या टेबलाजवळ वायरनं पेट घेतला. धूर पाहून बायका मागच्या दाराकडे धावल्या, तर दाराला कुलूप! कापड चोरीला जातं म्हणून मालकानं ते घातलं होतं. आग लगेच विझली, पण रेटारेटीत काजं करणाऱ्या बाईचा हात कडीवर चांगलाच चेचला.

वकीलबाई तडक मालकाच्या केबिनमध्ये गेली आणि खुशीत बाहेर आली.

"कुलूप निघणार. हातातला माल गेला की लगेच. तोवर काम थांबणार नाही असा शब्द दिलाय मी."

बायका मशीनकडे वळतील असं तिला वाटलं. कुणी जागची हलली नाही.

"आई," सून म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात. आम्हाला विचारलं नाहीत."

"आजवर कधी विचारलं होतं? वाईट झालं का तुमचं?"

"नाही झालं. पण धुरात आम्ही सगळ्या होतो. कुलूप निघाल्याशिवाय मी मशीनवर बसायची नाही."

ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हाताला ओला फडका गुंडाळलेली काजवाली तिच्यापाठोपाठ गेली. मग एकेक करत सगळ्याच.

वकीलबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरची सून, आणि चारचौघींत उलट बोलते! नळावर जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं. तिथून दाराशी उभ्या असलेल्या बायका दिसत होत्या. इतकी वर्षं त्या कायम तिच्या पाठीमागे होत्या. त्यांचे चेहरे असे समोरून तिनं कधी पाहिलेच नव्हते. भेदरलेल्या होत्या, पण मागे हटायला एकही तयार नव्हती.

तेवढ्यात मालकानं बोलावणं धाडलं.

"समजवा त्यांना. तुमचं ऐकत नसतील, तर तुम्ही कसल्या पुढारी?"

ते वर्मी लागलं.

"मी शब्द परत घ्यायला आलेय, साहेब. तो द्यायचा मला एकटीला हक्कच नव्हता."

"कामावरून काढीन!"

"काढा. पण आधी कुलूप काढा."

ती बाहेर आली आणि रांगेत सुनेच्या मागे जाऊन उभी राहिली. सुनेनं मान वळवून पाहिलं आणि हलकेच सरकून तिला भिंतीला टेकायला जागा करून दिली.

दुपार कलली. माल न्यायला आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला, तेव्हा कुठे मालक किल्ली घेऊन आला. पहिल्या धक्क्याला दार हललंच नाही. सगळ्यांनी मिळून खांदा लावला, तेव्हा ते करकरत उघडलं.

दुसऱ्या दिवशी काजवालीच्या औषधपाण्याचं बोलायला केबिनमध्ये जायचं होतं. सवयीनं सगळ्यांनी वकीलबाईकडे पाहिलं.

"तिघी जा," ती सुनेकडे बघत म्हणाली. "आणि काही कबूल करायच्या आधी बाहेर येऊन सगळ्यांना विचारा."

त्या आत गेल्या. वकीलबाईनं मशीन सुरू केलं, पण कान केबिनकडेच. सुनेचा आवाज आधी कापरा आला, मग चढला. वकीलबाई अर्धवट उठली, पुन्हा बसली आणि दात आवळून शिलाई पुढे ओढत राहिली.