कुंपणालगतचा जाळ

शनिवारी दुपारी साहेबांनी कुंपणालगत पालापाचोळा पेटवला आणि त्यातली एक ठिणगी उडून गादीवालीच्या कापसात पडली.

मागच्या अंगणात ताडपत्रीवर कापूस उन्हाला टाकून ती शेडमध्ये गादीला टाके घालत होती. जळका वास आला तशी दाभण गादीतच सोडून ती धावली. कापसात मुठीएवढं काळं भोक पडलं होतं आणि गुपचूप पसरत होतं. कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो, हे तिला बावीस वर्षांच्या धंद्यात चांगलं ठाऊक होतं. जळका भाग तिनं हातानंच ओढून बाजूला काढला आणि वर बादली ओतली. तळहात चांगलाच पोळला.

तसाच ओला हात घेऊन ती कुंपणापाशी गेली.

"साहेब, जाळ जरा पलीकडे घ्या. माझ्या शेडमध्ये फोम आहे. शेजारच्या खोलीत सासूबाई असतात. वॉकरशिवाय त्यांना दोन पावलं टाकता येत नाहीत."

साहेब रस्ते खात्यातून निवृत्त झालेले. शनिवारी बाग झाडायची आणि कचरा पेटवायचा, हा त्यांचा नेम. काठीनं पानं सारत ते म्हणाले, "बत्तीस वर्षं जाळतोय. आजवर कुणाचं काही बिघडलं नाही. तुमचा कापूस तुम्ही आत ठेवा."

मग कचरा जाळणं बंद व्हावं असा अर्ज लिहून ती गल्लीत सह्यांसाठी फिरली. धुराचा त्रास सगळ्यांनाच होता. एकीच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या होत्या, एकाला रात्रभर खोकला होता. सही मात्र कुणी केली नाही. साहेबांशी वाईटपणा नको, असं प्रत्येकानं दारातच, आवाज खाली आणून सांगितलं. कोरा अर्ज घेऊन ती परत आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझी सही घे. हात थरथरतो, पण नाव वाचता येतं."

पुढच्या शनिवारी तिनं काम बंद ठेवलं, नळाला लांब पाइप जोडला आणि कुंपणापाशी स्टूल टाकून बसली. साहेबांनी काडी ओढली. जाळ कुंपणाच्या वर आला तशी तिनं पाण्याची धार सोडली. फस्स करून सगळं विझलं आणि राखेचे शिंतोडे साहेबांच्या पायजम्यावर उडाले.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"जाळ कुंपणाच्या खाली राहिला तर मी बसून राहीन. वर आला की पाणी."

"माझी जागा आहे ही."

"जागा तुमची, ठिणग्या माझ्याकडे."

खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, डावीकडे अजून धुमसतंय."

साहेबांनी तिसऱ्याच दिवशी अग्निशमन केंद्रात तक्रार दिली: शेजारी घरगुती शेडमध्ये ज्वालाग्राही माल साठवतात, वस्तीला धोका आहे. शनिवारी सकाळी खाकी गणवेशातली एक तरुण अधिकारी टेप आणि वही घेऊन आली. गल्लीतले लोक आपापल्या फाटकात येऊन उभे राहिले. गादीवाली घाबरली. शेड बंद पडली तर घरात दुसरी मिळकत नव्हती. पण तिनं दार सताड उघडलं.

"बघा मॅडम. काही लपवलेलं नाही."

अधिकारी बाईंनी सगळं नीट पाहिलं. मागच्या दारासमोर फोमचे तीन गठ्ठे रचले होते. शिलाई मशीनच्या वायरला जोड होता, वर नुसती चिकटपट्टी. "हे दार मोकळं पाहिजे. वायर बदला. आग विझवायचं सिलिंडर भिंतीला लावा."

हे ऐकताना तिला शरम वाटली, कारण गठ्ठे तिनंच तिथं ठेवले होते आणि आग लागली असती तर त्या दारानंच सासूबाईंना बाहेर काढावं लागलं असतं. तिनं पदर खोचला आणि अधिकारी बाईंच्या देखत तिन्ही गठ्ठे ओढून पुढच्या खोलीत नेले. मशीनची वायर काढून हातात दिली. "सिलिंडर सोमवारी लागेल. आता टेप घेऊन पलीकडे चला."

"तक्रार फक्त तुमच्या जागेची आहे, ताई."

"मग माझी लिहून घ्या." तिनं गादीच्या मापांची वही उघडली, कोऱ्या पानावर उभ्यानं चार ओळी लिहिल्या, पान फाडलं आणि तो जुना अर्जही सोबत दिला. त्यावर सासूबाईंची वाकडीतिकडी सही होती.

टेप पलीकडे गेली. कचऱ्याचा ढीग कुंपणापासून जेमतेम तीन फुटांवर निघाला. वरून दोन्ही घरांची विजेची तार जात होती. बाजूला रॉकेलचा डबा होता, झाकण नसलेला. अधिकारी बाईंनी साहेबांना शांतपणे सांगितलं, "इथं आता काहीही पेटवायचं नाही. पुन्हा पेटवलंत तर दंड होईल." नोटिशीवर त्यांची सही घेऊन त्या गेल्या.

लोक पांगले. साहेबांनी हातातली नोटीस चुरगळून ढिगावर टाकली, रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली.

गादीवालीनं पाइप घेतला नाही. दोन बादल्या भरल्या आणि ती पहिल्यांदाच साहेबांच्या फाटकातून आत गेली.

"बाहेर व्हा," साहेब ओरडले.

ती चालत राहिली. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून साहेबांची बायको बाहेर आली. गल्लीत सगळ्यांच्या वहिनी, पण कधी कुणाशी चार शब्द न बोललेल्या. त्यांनी गादीवालीच्या हातून एक बादली घेतली.

"वहिनी, जड आहे."

"असू दे. बत्तीस वर्षं धुरानं माखलेले कपडे दोन-दोनदा धुतेय. त्यापेक्षा ही जड नाही."

"तू आत जा," साहेब म्हणाले.

"जाते. हे विझवून जाते."

दोघींनी बादल्या ओतल्या. वाफ वर आली, ढीग काळा होऊन बसला. साहेब काठी धरून बाजूला उभे होते. वहिनींनी रॉकेलचा डबा उचलला आणि रिकाम्या बादलीसोबत गादीवालीच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडेच ठेवा."

"माझ्या शेडमध्ये नाही चालायचा, वहिनी. मॅडम मलाच नोटीस देतील."

वहिनी हसल्या. मग त्यांनी डबा पुन्हा हातात घेतला, "मीच अग्निशमन केंद्रात नेऊन देते," म्हणाल्या आणि चपला घालायला घरात गेल्या.