आवाज शेवटी

प्लासिदच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, आणि त्यात आवाज जाणार हे गोव्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. माझा नवरा इतकी वर्षं शिरोडा-वेंगुर्ल्याच्या लग्नांत स्वतः रचलेली गाणी गायला, पण घरात त्याच्या आवाजाची एक कॅसेट नाही. लग्नाच्या व्हिडिओवर व्हिडिओवाले सिनेमाची गाणी चढवून देतात.

मी म्हटलं, म्हापशाच्या स्टुडिओत जा आणि एका दिवसात रेकॉर्डिंग उरकून या. पण माझ्या दिराने, क्रिस्टोफरने, नुकताच कॉम्प्युटर घेतला होता.

"वयनी, स्टुडिओत घड्याळाकडे बघून गाणा म्हणूचा लागता. घरात वेळच वेळ आसा."

वेळच वेळ! भिंतींना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला. आधी वाद्यं, आवाज शेवटी, असं ठरलं. वाद्यांना अंदाज यावा म्हणून प्लासिद सुरुवातीला नुसता गुणगुणला होता. तेही कॉम्प्युटरात जागा होईना म्हणून पुसलं. नीट गाणार होताच ना! मग गिटार झाली, पुन्हा गिटार झाली. त्यांच्या बँडमधला निकेत ड्रम वाजवायचा. मधेच कुत्रं भुंकलं की पहिल्यापासून. "परत घेवया," एवढंच मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी चहा करून करून विटले. स्टुडिओवाल्याने त्यांना केव्हाच हाकलून दिलं असतं, आणि तेच हवं होतं.

वाद्यं एकदाची संपली तेव्हा कार्निव्हलही संपला होता. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. तिथून ईस्टरपर्यंत आमच्यात उपासाचा काळ. लग्न नाही, बँड नाही. प्लासिद तर या दिवसांत लग्नाचं गाणं ओठांवरही आणत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं. इतकं अंगवळणी पडलेलं की दिवस मोजताना कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि ऑपरेशन ईस्टरच्या आधी होतं.

"दादा, फक्त तुझो आवाज रवलो," क्रिस्टोफर रडकुंडीला आला. "देव समजान घेतलो."

"उपासाच्या दिवसांत? नाय रे," प्लासिद म्हणाला. "ऑपरेशन आसा माझा. आता देवाक दुखवूक नको."

मी त्याच्याशी कडाकडा भांडले. रोज भांडले. त्याचा उरलेला आवाज मला "नाय" म्हणण्यातच गेला.

तो वाचला. आवाज गेला. ईस्टर झाल्यावर आम्ही शेवटी म्हापशाच्या त्याच स्टुडिओत गेलो, भाड्याचा गायक घेऊन. त्याला चाली कोण सांगणार? ऐकून ऐकून मला पाठ होत्या, म्हणून मीच बेसूर म्हणून दाखवल्या. चुकले की प्लासिद मान हलवायचा. मला लाज वाटली नाही, रडू आलं नाही. क्रिस्टोफरवरचा रागही सापडेना. आतून सगळं बधिर झालं होतं.

गायक छान गायला. खरं सांगायचं तर प्लासिदपेक्षा छान. जेवणाच्या आत सगळी गाणी झालीसुद्धा. प्लासिदने अंगठा वर केला.

परतताना एसटीत तो खिडकीला टेकून झोपला. मी डोळे मिटून त्याचं एक गाणं त्याच्या आवाजात आठवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. दर वेळी तो भाड्याचा गायकच गात होता.