यादीतला पहिला पक्षी

मित्रांनो, मी एक जुना गरुड आहे. पंख पसरलेले, मान जरा वळलेली, चोच अर्धवट उघडी. दचकू नका, मी लाकडाचा आहे. एका चर्चमध्ये वेदीच्या उजव्या हाताला एका खांबावर मी उभा असतो आणि माझ्या पंखांवर पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, जाडजूड ग्रंथ उघडून ठेवलेला असतो. वाचणारा माझ्या पाठीशी उभा राहतो, माझं तोंड मात्र लोकांकडे. कोण डोळे मिटून प्रार्थना करतो आणि कोण डोळे मिटून झोपा काढतो, हे मला पक्कं ठाऊक असतं. अशा जागी वर्षानुवर्षं उभं राहिलं की कोणाचाही स्वभाव संशयी होईल. माझा झाला.

मला घडवणारा सुतार भारी बडबड्या होता. पटाशी चालवता चालवता बायकोला सांगायचा, "गरुड सगळ्यांत उंच उडतो बघ. सूर्याकडे बघताना त्याची पापणीसुद्धा लवत नाही. म्हणून तर शास्त्र त्याच्या पाठीवर ठेवतात."

"पापणीचं राहू द्या," बायको म्हणायची, "तुमच्या गरुडाचा डावा डोळा मोठा झालाय तो बघा आधी."

त्यानं तो दुरुस्त केलाच नाही. माझा एक डोळा अजूनही दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, आणि त्या डोळ्यानं मी आल्यागेल्यावर नजर ठेवतो.

पिसांच्या कडांना सोनेरी मुलामा देऊन मला चर्चमध्ये आणलं, तेव्हा काय कौतुक झालं म्हणून सांगू! मुलं चोच धरायला धावायची. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे मी असायचोच. दर शनिवारी घंटेवाली मावशी मऊ फडक्यानं मला तेल लावायची. ही मावशी म्हणजे चर्च झाडणारी आणि घंटा वाजवणारी विधवा बाई. मागच्या अंगणातली एक खोली तिला राहायला दिलेली होती. माणूस कष्टाळू, पण माझा तिच्यावरही संशय होता. फुटक्या काचेतून चिमण्या आत यायच्या, त्यांना ती कधी हाकलायची नाही. त्या मेल्या थेट माझ्या डोक्यावर येऊन बसायच्या. नुसत्या बसल्या असत्या तर एक वेळ मी चालवून घेतलं असतं!

मग एक दिवस मावशीचा भाऊ आला. हातात एक पिशवी, अंगात ढगळ शर्ट. तो तुरुंगातून सुटून आला होता. कारखान्यातली तांब्याची तार त्यानं चोरली होती. उगाच आळ वगैरे नव्हता, खरोखरच चोरली होती. मावशीनं त्याला आपल्या खोलीत ठेवून घेतलं. आल्या आल्या तो माझ्यासमोर उभा राहिला, पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, हे सोनं खरं आहे का गं?"

झालं! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या दिवसापासून मी त्याच्यावरची नजर काढली नाही. तो शेवटच्या बाकावर गप्प बसून राहायचा. चोर गप्प बसला की समजावं, त्याचं काहीतरी शिजतंय.

बरं, संशय घेणारा मी एकटा नव्हतो. चर्चच्या पंचांमध्ये एक निवृत्त मास्तर होते. बुधवारी संध्याकाळी ते शास्त्राचा वर्ग घ्यायचे. चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब भला माणूस, पण मास्तरांपुढे त्यांचं काही चालायचं नाही. मास्तरांचा एक नियम होता. शास्त्रात एका चिन्हाचा अर्थ एकच. एकदा ठरला की ठरला. येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या गोष्टीत, म्हणजे दाखल्यात, वाटेवर पडलेलं बी पाखरं खाऊन टाकतात. तिथे पाखरं म्हणजे सैतान, असं येशूनं स्वतःच सांगितलं आहे. मग दुसऱ्या दाखल्यात मोहरीच्या रोपाचं झाड होतं आणि त्याच्या फांद्यांवर पाखरं वस्तीला येतात, ती पाखरंही तीच!

"झाड म्हणजे आपलं चर्च," मास्तर म्हणाले. "ते वाढलं, हे खरं. पण त्यात नको ते येऊन राहिलं आहे."

मास्तर माझ्या पाठीशी होते, त्यामुळे ते कोणाकडे बघत होते ते मला दिसलं नाही. पण समोरच्या सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. मनात म्हटलं, शाब्बास मास्तर! मला माणसं अशीच आवडतात, डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी.

मास्तर बोलूनच थांबले नाहीत. त्यांनी पंचांपुढे ठेवलं की मावशीनं भावाला घालवावं, नाहीतर खोली आणि काम दोन्ही सोडावं. निकाल महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी अंगणात मावशीचं आणि भावाचं बोलणं मी खिडकीतून ऐकलं.

"जागा मिळाली की मी जातो, ताई. तुझी खोली जाऊ देणार नाही."

"आणि नाही मिळाली तर?"

"तरी जातो."

सोंग असेल, असं मला वाटलं.

पुढच्या बुधवारी मावशी वर्गात उभी राहिली. "मास्तर, एक विचारू? महापुरात नोहानं तारवातून कबुतर सोडलं. सगळीकडे पाणीच पाणी, पाय टेकायला जागा नाही. बिचारं परत आलं. नोहानं हात बाहेर काढून त्याला आत घेतलं. आधी चौकशी केली नाही."

"कबुतराचं वेगळं. ते पवित्र आत्म्याचं चिन्ह."

"म्हणजे कबुतर पाखरू नाही?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"आणि वेदीजवळ घरटं करणारी चिमणी? रानात संदेष्ट्याला खायला आणून देणारे कावळे?"

मास्तर तापले. "एकेक पाखरू काढत बसू नका! सगळ्यांचा निकाल एकदाच लावू. नियमशास्त्रात अमंगळ पक्ष्यांची यादी दिलेली आहे. वाचा. पाळी कोणाची?"

त्या वर्गात पाळीपाळीनं वाचायची रीत होती. ज्याची पाळी, त्यानं उठून माझ्यापाशी यायचं आणि माझ्या पंखांवरच्या ग्रंथातून वाचायचं. पाळी मावशीचीच होती. ती आली, पानं उलटली, ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली.

"थांबलात का? पहिलं नाव वाचा," मास्तर म्हणाले.

"गरुड," मावशी म्हणाली.

मित्रांनो, लाकडाला घाम फुटत नाही म्हणून बरं! सगळे माझ्याकडे बघू लागले. ज्यांना मी आजवर निरखत आलो, ते मला निरखत होते. मी! अमंगळ! आणि तेही यादीत सगळ्यांत वर! एवढी वर्षं ते पान पाठीवर वाहत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, "अहो, ती यादी खाण्याच्या नियमांतली..."

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले. माणूस हेकट, पण लबाड नव्हता. "एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. हाही बाहेर जाईल."

आणि खरोखरच गुरुवारी मला अडगळीच्या खोलीत नेलं. उचलायला पाळकसाहेब आणि मावशीचा भाऊ. "सावकाश, साहेब, चोच चौकटीला लागेल," भाऊ म्हणाला. मी ओळखलं, याला सोनं शाबूत हवंय. त्यांनी मला दाराकडे तोंड करून ठेवलं आणि निघून गेले. आजूबाजूला मोडके बाक, गंजलेले दिवे, कोळिष्टकं. एक उंदीर माझ्या पायावर चढून उतरून गेला. कोणी तेल लावायला येईना, कोणी चोच धरीना. ज्यांच्या लग्नाच्या फोटोंत मी आहे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही की गरुड कुठे गेला. फार वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी दार ढकलून भाऊ आत आला. हातात तीच पिशवी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. सकाळपासून खोली आणि काम शोधत फिरला असणार. ‘आधी कुठे होतास?’ या प्रश्नानंतर कोण दार उघडं ठेवतो! तो माझ्या मागे एका मोडक्या बाकावर बसला. मी अंग चोरून वाट बघू लागलो. आता चाकू निघणार, आता मुलामा खरवडला जाणार.

चाकू निघाला नाही. माझ्या पाठीवर वजन आलं. क्षणभर वाटलं, ग्रंथच परत आला. पण हे वजन गरम होतं. तो पुढे वाकून, माझ्या दोन पंखांच्या मधे डोकं ठेवून झोपला होता. दमलेल्या माणसाचा श्वास माझ्या पिसांवरून जात होता.

कोल्ह्यांना बिळं असतात, पाखरांना घरटी असतात, पण ज्याच्या नावानं हे चर्च उभं आहे त्याला डोकं टेकायला जागा नव्हती. ही ओळ मी किती वेळा पेलली असेन! कानावर पडली होती, कळली मात्र त्या दुपारी. मला माझी फार लाज वाटली.

तेवढ्यात दारात मास्तर आले. हातात मोजपट्टी होती. मला काढल्यापासून ग्रंथ सपाट टेबलावर ठेवून वाचताना त्यांची मान मोडून येत असणार, म्हणून माझ्या पाठीच्या उताराचं माप घेऊन साधं लाकडी वाचनपीठ करवून घ्यायचा त्यांचा बेत असावा. त्यांनी पाहिलं. जिथे ते दर बुधवारी बोट ठेवून वाचत, तिथे एका माणसाचं डोकं होतं. मास्तरांचे ओठ हलले. कुठली ओळ ते म्हणत होते, मला सांगायला नको. माप न घेताच ते मागे सरले आणि करकरणारं दार त्यांनी दोन्ही हातांनी धरून हळूच लोटलं.

रविवारी पंचांची सभा भिंतीपलीकडच्या खोलीत भरली. मास्तरांचा आवाज आला, "त्याला राहू द्या."

"आणि तुमचा नियम?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"तो मी केला होता, शास्त्रानं नाही. पेरणाऱ्याची पाखरं बी खायला आली होती. झाडावरची विसाव्याला आली. मी दोन्हींना एकाच मापानं मोजलं."

"उद्या त्यानं काही उचललं तर?" कोणीतरी म्हणालं.

"तर मला विचारा."

मास्तर स्वतः अंगणात सांगायला आले; अडगळीच्या खोलीच्या उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. खोलीच्या उंबऱ्यावर मावशी एकटीच बसली होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता सांगून काय उपयोग, मास्तर? उपासना चालू होती तेव्हाच गेला तो. माझी खोली वाचावी म्हणून गेला."

मास्तर तडक वळले. टोपी विसरून तसेच फाटकातून बाहेर पडले. या वयात त्यांना इतकं भरभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. मावशी फाटकाशी उभी राहिली. जेवणाची वेळ टळली. उन्हं उतरली. तो सापडणार नाही असं मला वाटत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझा संशय खोटा ठरावा म्हणून माझा जीव कासावीस झाला.

शेवटी दोघं आले. भाऊ पुढे, मान खाली घालून. मागे मास्तर, घामानं निथळत. पिशवी मास्तरांच्या हातात होती.

मित्रांनो, मला पुन्हा जागेवर नेऊन ठेवलं आहे. माझा स्वभाव काही एका दिवसात सुधारला नाही. अजून रोज सकाळी मी माझी सोनेरी कड तपासतो. ती जशीच्या तशी आहे. तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखी जुनी लाकडं असतील. त्यांना वरचेवर तेल लावा, अडगळीत टाकू नका. आणि एक ऐकाच माझं. कोणी दमूनभागून तुमच्यापाशी येऊन टेकलं, तर तो कोण, कुठला, हे मागाहून विचारा. आधी जरा सरकून बसा.