थंड इंजिनाची घाई

मी एक पिस्टन आहे, करड्या ट्रॅक्टरच्या चार पिस्टनांपैकी दुसरा. सध्या आयर्लंडमध्ये, कॅव्हनच्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून असतो. दिसायला रिकाम्या डब्यासारखा आहे, पण उभं आयुष्य वरखाली पळण्यात काढलंय, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

आमचं इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं. चांगलं तापलं की इंधनाचा कॉक फिरवून स्वस्त रॉकेलवर घ्यायचं. थंड असतानाच फिरवला तर न जळलेलं रॉकेल आमच्या अंगावरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि आम्ही झिजतो. आमचा मालक फिंटन रेडिएटरवर तळहात ठेवून बघायचा. चटका बसला की मगच कॉक फिरवायचा.

तरी आम्ही धूर सोडायचोच. रविवारी चर्चच्या फाटकाशी त्याची बायको ब्रोना त्या धुराकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणायची, "दम म्हणून नाही या माणसाला! लग्नातसुद्धा फादरनी विचारायच्या आधीच 'हो' म्हणून मोकळा झाला." लोक हसायचे. फिंटन नुसती टोपी सारखी करायचा.

गेल्या हिवाळ्यात फिंटन गेला. नांगरणीच्या सामन्यात तो दरवर्षी हाच ट्रॅक्टर उतरवायचा. यंदा आपण स्वतः नांगरायचं, असं ब्रोनाने मनाशी पक्कं केलं, पण आम्ही तर नुसते खोकत होतो. मग फिंटनचा शाळेपासूनचा दोस्त, मॅलकी मिस्त्री, इंजिन उघडून बसला.

"पिस्टन, सिलिंडरचे लायनर, सगळं बदलावं लागेल. हे गेलेत कामातून."

"हात लावायचा नाही," ब्रोना म्हणाली. "ही झीज त्याच्या घाईची आहे. दुसरं काय उरलंय माझ्याकडे त्याचं?"

मॅलकीने मला चिंधीने पुसलं.

"त्याच्या घाईची नाही गं."

"मग कुणाच्या?"

"रोज सकाळी या ट्रॅक्टरवर दुधाचे कॅन घेऊन डेअरीला कोण जायचं?"

"मीच," ब्रोना म्हणाली.

"फिंटन दर महिन्याला माझ्याकडे ऑइल न्यायला यायचा. मी म्हटलं, अरे, पितोस की काय? तर म्हणतो, 'ब्रोनाला सकाळी उशीर झालेला असतो, थंड इंजिनावरच कॉक फिरवते. पण तिला एक शब्द बोललास तर याद राख.'"

मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. तिच्या प्रत्येक टोमण्याला माझा जीव तुटायचा, पण लोखंडात कोंडलेल्याचं कोण ऐकणार!

ब्रोना तिथेच उलट्या बादलीवर बसली. आधी रडली, मग रडता रडता हसली. "मेला! चाळीस वर्षं माझी बोलणी खात बसला." नाक पुसून म्हणाली, "बसव नवे. हा एवढा मला दे."

सामन्याच्या सकाळी खिडकीतून मी सगळं पाहिलं. इंजिन सुरू होतं. मॅलकी फाटकातून ओरडत होता, "अगं, सगळे पोचले असतील! चल की!"

"थांब जरा. तापू दे."

ब्रोनाचा तळहात रेडिएटरवर होता. चटका बसला तरी तिने तो लगेच काढला नाही. मग कॉक फिरवला आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागला. मागे धूर नव्हता. माझ्या जागी कुणी दुसराच पळत होता, याचं थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता ती रोज मला पदराने पुसावं तसं एप्रनने पुसते आणि म्हणते, "एकदा तरी सांगायचंस रे." तुमचीही बोलणी कुणी मुकाट्याने खात असेल, तर तो समोर आहे तोवर त्याला कारण विचारा. माझ्यासारख्याला विचारायची वेळ आणू नका.