दार कुणी लावायचं

दार लावतात हेच त्या मुलीला माहीत नव्हतं. आमचं घर देवबागला. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी, मधे चिमूटभर वाळू. ही पुढून बाहेर पडली की दार सताड उघडं. लाटांपाशी उभी राहते न राहते तोच परत, घरातून आरपार, मागच्या दाराने खाडीवर. तेही उघडं. मग वारा घरात शिरून धिंगाणा घालायचा. भातात वाळू, चुलीतली राख देवांवर. दिवसभर हेच. एका जागी बूड टेकेल तर शपथ.

माझा मुलगा गुरुप्रसाद दोन खोल्या पाहुण्यांना देतो. हिने आल्या आल्या नाव सांगितलं सारिका. नाकडोळे पार हिमालयाकडचे आणि म्हणे सारिका! मराठी मात्र नीट बोलायची. पुण्यात कॉलेजला होती.

"आये, पावणी आसा ती. तिका काय बोला नको," गुरुप्रसाद मला बजावायचा. म्हणजे घर माझं आणि तोंड त्याचं.

गप्प राहिले. पण एका सकाळी उघड्या दाराने मांजर आलं आणि मीठ-हळद लावून ठेवलेले बांगडे घेऊन गेलं. मग मी कुणाची ऐकते!

"काय गो, तुज्या आवशीन तुका दार लावूक शिकवल्यान नाय?"

"आईने शिकवलं होतं, आजी. सासरी गेल्यावर सवय गेली. तिथे दार लावायला माणूस असतो."

"मोठी राणीच मां तू!"

"अजून नाही. युवराणी आहे."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा मी तिला पाटावर बसवलं आणि पुढ्यात पेजेचा वाडगा ठेवला.

पेज फुंकत फुंकत ती बोलली. डोंगरातलं एवढंसं राज्य, तिथे अजून राजा आहे. राज्याचं नाव सांगितलं तिने, माझ्या जिभेला वळलं नाही. तिथे हिचं जेवण आधी दुसरा चाखतो, मग तिसरा वाढतो. हिच्यापुढे येईस्तोवर गार. चालताना नवऱ्याच्या सावलीवर पाय पडता कामा नये, म्हणून नजर कायम खाली. पुढचं दार एक जण उघडतो, मागचं दुसरा लावतो.

"एकदा मीच दार लावलं," ती म्हणाली. "त्या माणसाची नोकरी गेली. तेव्हापासून दाराला हात नाही लावला."

"घोव मारता?" मी तिच्या नवऱ्याचं विचारलं.

"नाही. चांगला आहे. पण तोही दाराला हात लावत नाही."

सासरा थकलेला. दिवाळीनंतर नवरा गादीवर बसणार. तो बसला की ही राणी, आणि राणीला दरबाराच्या परवानगीशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकता येत नाही. मुंबईला कुणाच्या लग्नाला आली होती, तिथूनच निसटली.

"घोवाक सांगान इलंस?"

तिने वाडगा पुढे करून आणखी पेज मागितली. मी काय ते समजले, आणि मला रागच आला. सासर कुणाला गोड लागलंय? मीही खाडीपलीकडून नवरी होऊन आले ती काय फुलांवरून चालले? पण पळाले नाही. भांडले. सासू शेवटी मला विचारल्याशिवाय चूल पेटवत नव्हती.

"ऊठ," म्हटलं. "आधी दार लावूक शीक."

आमचं पुढचं दार खाऱ्या हवेने फुगलेलं आहे. कडीला धरून गुडघ्याने जरा उचलावं लागतं, तेव्हा कुठे चौकटीत बसतं. मी दाखवलं. तिने ओढलं, ढकललं, घामाघूम झाली. नाही जमलं. गेली परत खाडीवर. मागचं दार उघडं!

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पांढरी गाडी थांबली. आतून काळ्या कोटातला म्हातारा उतरला, घामाने निथळत. ही धावत स्वयंपाकघरात आली, माझ्या पदराआड.

"आजी, तो दरबारचा माणूस आहे. इथे कोणी नाही म्हणून सांगा."

"मी खोटा बोलूचंय नाय. जावचा नसात तर तूच सांग."

"मला नाही जमणार."

"मग जा त्येच्या गाडीत."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिला विकलं. मग गेली बाहेर.

म्हातारा कमरेत वाकला. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण बोलावणं कुठल्याही भाषेत कळतं. बोलता बोलता त्याने सवयीने आमचं दार धरलं, तिला बाहेर पडायला वाट करून दिली, आणि मान खाली घालून उभा राहिला. ती गेल्यावर लावायला.

ती उंबऱ्याशी थबकली. एक पाय आत, एक बाहेर. मला वाटलं, गेली.

तिने बाहेरचा पाय आत घेतला आणि दाराची कड म्हाताऱ्याच्या हातातून सोडवून घेतली. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून एकच वाक्य बोलली. नकारही कुठल्याही भाषेत कळतो. गुडघ्याने दार उचललं. करकरलं, अडलं, बसलं. तिने कडी घातली.

बाहेरून म्हाताऱ्याचा रडवेला आवाज आला. तिने आतून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. बऱ्याच वेळाने गाडी सुरू झाली आणि गेली. ती दाराला पाठ लावून खाली बसली.

"आजी, बरोबर केलं का मी?"

मी म्हटलं, "आयक चेडवा. दार लावलंस, ता बरा केलंस. पण चोरासारख्या पळान इलंस, ता वायट. आज घोवाक फोन कर आणि म्हाताऱ्याक सांगितलंस ताच त्येका सोताच्या तोंडान सांग. मगे होयी तितके दिवस हयसर माज्या घरात ऱ्हव. आणि आता ऊठ, मागचा दार तसाच उघडा टाकलंस ता लाव, मांजर भितर शिरला बघ!"