मधल्या सुट्टीनंतर

मुख्याध्यापिकांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. ताईंनी ती तितक्याच हलक्या हाताने परत सरकवली. शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांच्या पालकांच्या बाजूने शाळांशी भांडणाऱ्या संस्थेत त्यांची निम्मी हयात गेली होती. बिस्किटं आली की पाठोपाठ नकार येतो, हे त्यांना अनुभवाने पाठ झालं होतं.

शेजारी मुलीची आई बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिची नऊ वर्षांची लेक इतरांपेक्षा सावकाश शिकणारी. शाळा तिला रोज मधल्या सुट्टीत घरी धाडत होती. वर्ग चौथीचा आणि दिवस मात्र बालवाडीचा.

“अहो, आम्हाला काय ती नकोशी आहे का?” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “इतकी गुणी पोर! कुणाला त्रास नाही, आवाज नाही. पण दुपारी एवढ्या मुलांत तिला सांभाळणं बाईंना एकटीला जमत नाही हो. तिच्याच भल्यासाठी सांगतेय.”

खिडकीपाशी उभ्या असलेल्या तरुण वर्गशिक्षिकेने मान हलवली. तिच्या बोटांना खडू लागलेला होता.

ताईंची कानशिलं तापली. भलं म्हणे! सोय आपली बघायची आणि वर पोरीच्या भल्याचं पांघरूण घालायचं. गोड बोलून गळा कापणाऱ्यांची त्यांना शिव्या देणाऱ्यांपेक्षा जास्त चीड होती. शिव्या देणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

“मेहरबानी मागायला आलो नाही आम्ही,” त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. “बाकीच्या मुलांचा दिवस जेवढा, तेवढाच तिचा. कायदाच आहे तसा. पूर्ण दिवस सांभाळायलाच हवं तुम्ही तिला. नाहीतर मला वरच्या ऑफिसात जावं लागेल. आणि मी जाते, हे तुम्ही ऐकून असालच.”

मुख्याध्यापिका ऐकून होत्या. पलीकडच्याच शाळेला ताईंनी सळो की पळो करून सोडलं होतं. मुख्याध्यापिकांनी थोडे आढेवेढे घेतले, वर्ग अपुरे असल्याचं रडगाणं गायलं, पण ताई जागच्या हलेनात.

“बरं बाई, तुमचंच खरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “सोमवारपासून पूर्ण दिवस. मागच्या बाकावर बसेल, चित्रं देऊ रंगवायला. सांभाळू आम्ही.”

ताईंनी पर्स खांद्याला लावली. दगडापेक्षा वीट मऊ. आज एवढं पदरात पडलं, पुढचं पुढे बघू.

“चला,” त्या आईला म्हणाल्या.

आई उठली नाही.

“सांभाळायला मी आहे की घरी,” ती म्हणाली. “शिकवणार कोण?”

मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकेकडे पाहिलं. वर्गशिक्षिका गोंधळून गेली. तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता आणि तेच जास्त वाईट होतं.

“तिला शिकवायचं होतं?” तिने विचारलं. “माझ्याकडे वर्ग आला तेव्हा सांगितलं होतं, हिला नुसतं सांभाळा म्हणून. दोन वर्षं मी तेच... मला खरंच कुणी बोललं नाही.”

दोन वर्षं! ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईला आणि तिच्या वरच्या बाईला आता उभं-आडवं सोलायचं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. टेबलावर हात आपटून त्यांनी स्वतः काय मागितलं होतं? सांभाळणंच. राग तसूभरही कमी झाला नव्हता, पण त्यातला थोडा आता घरी न्यावा लागणार होता.

आईचं या कुणाकडेच लक्ष नव्हतं. ती उठून वर्गशिक्षिकेपाशी गेली होती.

“‘क’पासून ‘म’पर्यंत आणलंय मी,” ती म्हणाली. “विसरते, पण परत सांगितलं की लिहिते. ‘ण’ने फार रडवलं, आठवडाच्या आठवडा गेला त्यात. पण आला.”

वर्गशिक्षिकेने बोटांचा खडू पुसला.

“तुम्ही ‘य’पासून धरा.”